रंग, चव, वास आणि कोलाची बाटली

स्वतंत्र भारताच्या संसदेने २००३ पर्यंत फक्त चार विषयांवर संयुक्त संसदीय समित्या नेमल्या होत्या. पहिली बोफोर्सवर, दुसरी हर्षद मेहता प्रकरणावर, तिसरी केतन पारेखच्या शेअर घोटाळ्यावर. चौथी थंड पेयांवर. या चौथ्या समितीचे अध्यक्ष होते बारामतीचे तेव्हाचे खासदार शरद पवार. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात राजकारणावर पहाटेपर्यंत बोलणारी माणसं आहेत. कोणत्या कारखान्याच्या निवडणुकीत कुणाचं पॅनल कसं पडलं, हे त्यांना तारखेनिशी पाठ असतं. पण या समितीचा अहवाल त्यांच्या गप्पांत मी कधी ऐकला नाही. तोफा आणि शेअर बाजार यांच्या पंगतीला कोलाची बाटली का बसली, हे आज वीस वर्षांनंतर नीट समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

पेयात काय मिसळलंय हे ओळखायची माणसाची पद्धत शेकडो वर्षं एकच होती. बघायचं, चाखायचं, वास घ्यायचा. मदरशात वुजूच्या पाण्याचे मसले शिकलेल्या कुणालाही हे तीन शब्द लगेच आठवतील. पाणी नापाक कधी होतं? नजासत पडून त्याचा रंग, चव किंवा वास बदलला तर. पाणी थोडं असेल तर नियम कडक, भरपूर असेल तर सैल. ‘भरपूर’ म्हणजे किती, यावर मतभेद आहेत. घाटावरचे आम्ही हनफी ‘दह दर दह’ म्हणजे दहा हात बाय दहा हात हौदाचा हिशेब सांगतो, तर कोकणातले शाफई ‘कुल्लतैन’ म्हणजे दोन मोठ्या रांजणांचं माप धरतात. पण रंग, चव, वास या कसोटीवर कुणाचा वाद नाही. ही चर्चा अर्थात पाकीची आहे, तब्येतीची नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

तब्येतीची आणि बाजारातल्या फसवणुकीची काळजी मोहतसिबाकडे असे. बाराव्या शतकात शामच्या, म्हणजे आजच्या सीरियाच्या, शैजरी नावाच्या लेखकाने मोहतसिबासाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात भटारी, खाटीक, अत्तारवाले यांच्याबरोबर सरबतवाल्यांसाठीही वेगळं प्रकरण आहे. सरबत हा शब्दच अरबीतल्या ‘शराब’च्या कुळातला, अरबीत मूळ अर्थ फक्त ‘पिणं’. तेव्हाच्या मोहतसिबाकडे हत्यारं कोणती होती? डोळे, जीभ, नाक आणि अनुभव. पाचशे वर्षांनी औरंगजेबाने नेमलेल्या मोहतसिबाकडेही तेवढीच होती.

ज्याला रंग नाही, चव नाही, वास नाही, ते मात्र या तिन्ही पहारेकऱ्यांच्या हाताखालून निसटतं. ते पकडणारं यंत्र विसाव्या शतकात आलं.

१९४१ साली आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोघे इंग्लंडमध्ये लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत काम करत होते. मिश्रणातले घटक वेगळे करण्याची एक नवी रीत त्यांनी मांडली आणि त्याच निबंधात जाता जाता लिहून ठेवलं, की मिश्रण वाहून नेण्यासाठी द्रवाऐवजी वायूही वापरता येईल. दहा वर्षं कुणी त्या ओळीकडे वळून पाहिलं नाही. शेवटी मार्टिननेच अँथनी जेम्स या सहकाऱ्याबरोबर लंडनच्या मिल हिल इथल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत ते करून दाखवलं. वर्ष १९५२. त्याच वर्षी मार्टिन आणि सिंज यांना आधीच्या कामासाठी नोबेल मिळालं. या रीतीचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफी.

नाव अवघड आहे, काम समजायला सोपं आहे. समजा, बारामतीच्या एसटी स्टँडवरून शंभर माणसं एकाच वेळी इंदापूरकडे पायी निघाली. काही सरळ चालत सुटतील. काही सणसरला चहाला थांबतील. काहींचे निमगाव केतकीत पाहुणे आहेत, ते तिथे जेवून निघतील. इंदापूरच्या वेशीवर घड्याळ घेऊन उभा असलेला माणस वेळ बघून सांगू शकेल, की हे न थांबणारे, हे चहावाले आणि हे पाहुणचारवाले. यंत्रातही असंच होतं. केसाएवढी बारीक पोकळी असलेली, तीस मीटर वगैरे लांबीची नळी वेटोळं करून भट्टीत ठेवलेली असते. तिला आतून एक चिकट लेप असतो. नमुन्याचा एक थेंबसुद्धा नाही, थेंबाचा अंश सुईने आत सोडतात. उष्णतेने त्याची वाफ होते आणि नायट्रोजन किंवा हेलियम ती पुढे ढकलतो. ज्या पदार्थाला लेप जास्त आवडतो तो रेंगाळतो, बाकीचे पुढे जातात. दुसऱ्या टोकाला जो जसा बाहेर येईल तसा कागदावर एक उंचवटा उमटतो. उंचवटा कितव्या मिनिटाला आला यावरून पदार्थ कोणता, आणि तो केवढा आहे यावरून किती, हे ठरवतात.

वेशीवरचा माणूस किती तीक्ष्ण नजरेचा आहे, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. मिल हिलच्या त्याच संस्थेत १९५७ च्या सुमारास जेम्स लव्हलॉक यांनी तळहातावर मावेल असा एक शोधक बनवला. त्यात किरणोत्सारी धातूतून इलेक्ट्रॉनचा एक संथ प्रवाह चालू असतो. क्लोरिन असलेला पदार्थ आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो आणि प्रवाह दबतो. डीडीटी, लिंडेन, आल्ड्रिन ही त्या काळची सगळी गाजलेली कीटकनाशकं क्लोरिनवालीच. त्यामुळे हा छोटा शोधक नेमका त्यांच्याच मागावर असल्यासारखा झाला. रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली आलं, त्यानंतरच्या वर्षांत जगभर मासे, पक्षी, आईचं दूध आणि माणसाची चरबी यांत डीडीटीचे अंश मोजले गेले, ते मुख्यतः या शोधकामुळे.

आता २००३. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सीएसई या संस्थेने फेब्रुवारीत बाटलीबंद पाण्याच्या तीस ब्रँडची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात सतरा दिल्लीचे होते आणि तेरा मुंबईचे. कीटकनाशकं सापडली. सरकारने जुलैत बाटलीबंद पाण्यासाठी कडक मर्यादा जाहीर केल्या. मग ५ ऑगस्टला संस्थेने दुसरा अहवाल काढला. पेप्सिको आणि कोका-कोला यांच्या बारा ब्रँडमध्ये लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस यांचे अंश आढळल्याचा तो अहवाल होता. युरोपात पिण्याच्या पाण्यात सगळ्या कीटकनाशकांची मिळून जी मर्यादा आहे, तिच्या सरासरी सुमारे ३४ पट. दोन्ही कंपन्यांनी हे फेटाळलं. आपली पेयं सुरक्षित आहेत, असं सांगायला एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेले एकत्र बसले.

हे ‘पट’ कशाचे, तेही पाहू. युरोपची मर्यादा एका कीटकनाशकासाठी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे किती? आमच्या जिरायत भागात पाण्याचा हिशेब टँकरमध्ये करतात, म्हणून तसाच सांगतो. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम डीडीटी विरघळवा. ही झाली मर्यादा. जिभेला किंवा नाकाला याची खबर लागणं शक्य नाही.

सरकारने म्हैसूर आणि कोलकात्याच्या प्रयोगशाळांत स्वतः तपासणी करून घेतली. २१ ऑगस्टला आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी लोकसभेत निकाल सांगितला. बारापैकी नऊ नमुने युरोपच्या मर्यादेच्या वर होते, पण ३४ पट नव्हे, साधारण एक ते पाच पट. झालं. एका बाजूला ‘बघा, सापडलंच’ आणि दुसऱ्या बाजूला ‘बघा, आकडा खोटा’. दुसऱ्याच दिवशी पंधरा सदस्यांची संयुक्त समिती नेमली गेली. तिला दोन कामं होती. सीएसईचे निष्कर्ष बरोबर आहेत की नाहीत ते सांगायचं आणि पेयांसाठी मानकं कशी असावीत ते सुचवायचं.

मला या प्रकरणाचं खरं आकर्षण इथे वाटतं. एका लोकशाही देशाचे खासदार कागदावरचे उंचवटे वाचायला बसले. प्रश्न साधे नव्हते. बारामतीहून निघालेली दोन वेगवेगळी माणसं योगायोगाने एकाच मिनिटाला इंदापुरात पोहोचली तर? यंत्राला ती एकच वाटतील. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या नळीतून पुन्हा तपासायचं असतं, किंवा पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडून त्या पदार्थाचा रेणू फोडून त्याची ओळख पक्की करायची असते. सीएसईच्या बाबतीत ही खात्री पुरेशी झाली का, असा आक्षेप होता. संस्थेच्या प्रयोगशाळेला अधिकृत मान्यता नाही, हाही होता. आणि दोन तपासण्यांचे आकडे वेगळे का? याचं उत्तर खरं तर सोपं आहे. बाटल्या वेगळ्या बॅचच्या होत्या. कोला जिथे बाटलीत भरला जातो, तिथल्याच जमिनीतलं पाणी त्यात असतं. आज या बोअरचं, उद्या त्या. दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळ्या विहिरींचं पाणी मोजून एकच आकडा यावा, अशी अपेक्षा कुणी शेतकरी करणार नाही.

समितीने ४ फेब्रुवारी २००४ ला अहवाल मांडला. कीटकनाशकांचे अंश असल्याचा सीएसईचा निष्कर्ष बरोबर आहे, असं तिने म्हटलं आणि संस्थेने धोक्याची शिट्टी वाजवल्याबद्दल तिचं कौतुकही केलं. युरोपकडे बोट दाखवून गप्प न बसता भारतातल्या परिस्थितीला आणि लोकांच्या आरोग्याला धरून आपली मानकं ठरवावीत, असं सुचवलं. पवार तेव्हा विरोधी पक्षात होते, सरकार वाजपेयींचं होतं. तरी अहवाल पक्षांच्या भांडणात वाहून गेला नाही, ही गोष्ट मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो. दोन दिवसांनी लोकसभाच बरखास्त झाली.

कोलाच्या बाटलीत पाणी सोडलं तर सर्वांत मोठा घटक साखर, जवळपास दहा-अकरा टक्के. त्यामुळे अंश पाण्यातून आले की साखरेतून, हा प्रश्नही विचारला गेला. आता आम्ही साखरेच्या मुलखातले. भाटघरच्या पाण्याने नीरा डावा कालवा वाहू लागला तेव्हापासून इथे ऊस आहे. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर ही सगळी गावांच्या आधी कारखान्यांची नावं म्हणून लोकांना माहीत आहेत. कारखान्यात रस उकळतो, चुना पडतो, गाळ वेगळा होतो, स्फटिक धुतले जातात. एवढ्या पायऱ्यांतून तगून साखरेत उतरणं कीटकनाशकाला अवघड जातं. सीएसईचा रोख पहिल्यापासून भूजलावर होता आणि मला तो पटतो.

पण मग भूजलात ते आलं कुठून? उसात वाळवी लागते, हुमणी लागते, खोडकिडा लागतो. जुन्या शेतकऱ्यांना विचारा, ते ‘गॅमेक्झिन’ हे नाव सांगतील. पांढरी भुकटी, सरीत हाताने टाकायची. तेच बीएचसी, आणि लिंडेन हा त्याचाच शुद्ध केलेला भाऊ. ती बंद झाल्यावर क्लोरपायरिफॉस आलं. डीडीटी तर सरकारच हिवतापासाठी घराघरांच्या भिंतींवर मारत होतं. शेतीतला त्याचा वापर १९८९ साली थांबला, पण ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. समितीपुढे आलेली ती चार नावं आमच्या गोठ्यांत, कोनाड्यांत पत्र्याच्या डब्यांवर वाचलेलीच होती. दिल्लीच्या बाटल्यांत सापडली म्हणून ती बातमी झाली.

पुढचं थोडक्यात. मे २००४ मध्ये पवार केंद्रात कृषिमंत्री झाले. ग्राहक व्यवहार खातंही त्यांच्याकडेच आलं, आणि मानकं ठरवणारा भारतीय मानक ब्युरो त्याच खात्याखाली येतो. ज्यांनी शिफारस केली, त्यांच्याच हाताखाली अंमलबजावणी. तरीही ऑगस्ट २००६ मध्ये सीएसईने बारा राज्यांतल्या पंचवीस बाटली-कारखान्यांतले ५७ नमुने पुन्हा तपासले, तेव्हा थंड पेयांची मानकं लागू झालेली नव्हती. या वेळी सरासरी २४ पट निघाली. आधीची जमा मांडली, तर ही नावेही मांडायला हवी.

मधल्या काळात, जून २००५ मध्ये, त्याच संस्थेने पंजाबातल्या चार गावांतल्या वीस माणसांचं रक्त त्याच रीतीने तपासलं. डीडीटीचे आणि बीएचसीचे अंश बहुतेकांत होते. रक्तातून काढायची रीत थोडी वेगळी, पण शेवटी तीच नळी, तेच उंचवटे. बाटलीच्या बातमीने संसद हलली होती. रक्ताच्या बातमीसाठी कोणतीही संयुक्त समिती नेमली गेली नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. जून २०१२ मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संस्थेच्या मासिकाने एकोणीस कोला पेयांची तपासणी छापली. निम्म्याहून अधिक पेयांत अल्कोहोलचे अंश होते, लिटरला दहा मिलीग्रॅमच्या आसपास. म्हणजे ०.००१ टक्का. इतकं कमी अल्कोहोल मोजायचं काम गॅस क्रोमॅटोग्राफीचंच. ही बातमी पुढची कित्येक वर्षं आपल्या मोहल्ल्यांतल्या मोबाइलवर फिरत राहिली. रमजान जवळ आला की कुणीतरी ती पुन्हा पाठवतंच: ‘कोल्ड्रिंक हराम है, साबित हो गया.’ खाली हात जोडलेले चार इमोजी.

मसला उलेमांचा आहे, मी मुफ्ती नाही. एवढं सांगू शकतो, की पिकलेल्या फळांच्या रसात आपोआप याहून जास्त अल्कोहोल तयार होतं, आणि इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ च्या फतव्यात दारूपासून न बनवलेल्या आणि अपाय न करणाऱ्या पेयांत ०.५ टक्क्यापेक्षा कमी अल्कोहोल चालेल असं म्हटलं आहे. ०.००१ आणि ०.५ यांतलं अंतर पाचशे पटींचं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. त्याच यंत्राने, त्याच पेयात, नऊ वर्षं आधी कीटकनाशक दाखवलं होतं. ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. दहा मिलीग्रॅम अल्कोहोलवर आपण झुम्म्याच्या नमाजीनंतर वाद घालतो आणि मशिदीच्या हौदात पडणारं बोअरचं पाणी कधी तपासलंय का, हे विचारत नाही. ‘तय्यब’ हा शब्द कुरआनात हलालच्या जोडीनेही येतो, हेही त्या फॉरवर्डवाल्यांना ठाऊक असतं.

पाणी तपासायची यंत्रं जवळपास नाहीत, असंही नाही. २००३ हे साल आमच्या भागातल्या द्राक्षवाल्यांनाही आठवतं. त्या हंगामात नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशक अवशेष सापडले आणि भाव कोसळला. सरकार किती चपळ असू शकतं, ते तेव्हा दिसलं. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली आणि अवशेष तपासणीची देशव्यापी योजना सुरू झाली. आज निर्यातीच्या बागेची प्लॉटनिहाय नोंद असते आणि काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. इंदापूर तालुक्यात बोरीच्या मळ्यांतला शेतकरी कोणत्या औषधाला काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, हे बोटांवर मोजून सांगतो. निकाल नापास आला तर कंटेनर भरत नाही. तोच शेतकरी त्याच बागेच्या कडेच्या बोअरचं पाणी घरी पितो. गावपातळीवर पाणी तपासायचा जो संच ग्रामपंचायतीत येतो, त्यात सामू, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरिन आणि जंतू यांच्या चाचण्या असतात. कीटकनाशकाची नसते, ती कुपीतल्या रंगाने होणारी चाचणीच नाही. आणि इंदापूरच्या बऱ्याच गावांचा आधार असलेल्या उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी उतरतं, हे वेगळं सांगायला नको.

कायद्याने आखलेल्या रेषाही दोन आहेत. बाटलीबंद पाण्यासाठी एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, मग ते कोणतंही असो. ती पाळणं सक्तीचं आहे. २००३ च्या गदारोळाची ही कमाई. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यासाठी आयएस १०५०० नावाचं मानक आहे, २०१२ सालचं. त्यात डीडीटी १ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, लिंडेन २, क्लोरपायरिफॉस ३० आणि मॅलॅथिऑन १९०. म्हणजे उसात जे सर्रास वापरलं गेलं, त्या क्लोरपायरिफॉसला बाटलीच्या तीनशे पट मोकळीक नळाच्या पाण्यात आहे, आणि हे मानकही बंधनकारक नाही.